‘हँड इन ग्लव्ह’: कुणाबद्दल म्हणावे, कुणाबद्दल म्हणू नये

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचा इंग्रजी मसुदा माझ्याकडे आला होता. लेखापरीक्षकांनी वर्षभर चांगले सहकार्य केले, हे मला जरा ठसक्यात सांगायचे होते. शब्दकोशात ‘निकट सहकार्य’ या अर्थाचा वाक्प्रचार सापडला आणि मी लिहून टाकले, ‘अवर अकाउंट्स टीम वर्क्स हँड इन ग्लव्ह विथ द ऑडिटर्स.’ व्याकरण बिनचूक, अर्थही शब्दकोशातला. आमच्या वरिष्ठ मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, “आपण आणि ऑडिटर मिळून हिशेब जुळवतो, असं सांगायचंय का तुला?”

ती ओळ छापून गेली असती, तर आमच्याच अहवालात आम्हीच आमच्यावर आरोप केला असता. तेव्हापासून मी हा वाक्प्रचार जिथे दिसेल तिथे थांबून वाचत आले आहे. इंग्रजी नव्याने लिहू लागलेल्यांसाठी त्यातून जे हाती लागले, ते इथे क्रमाने मांडते.

पायरी १: उच्चार आणि लेखन

‘ग्लव्ह’ हा शब्द ‘लव्ह’शी जुळतो, ‘स्टोव्ह’शी नाही. मराठीत आपण सर्रास ‘ग्लोव्ह्ज’ म्हणतो, त्यामुळे इंग्रजी बोलतानाही तोच ‘ओ’ येतो. तेवढा सांभाळा.

लिहिताना तीन शब्द सुटे ठेवायचे. ‘हँड इन ग्लव्ह्ज’ असे अनेकवचन होत नाही, ‘हँड इन अ ग्लव्ह’ असे उपपदही मध्ये येत नाही. माणसे दोन असोत की दोनशे, हात एक आणि हातमोजा एक. फक्त हा वाक्प्रचार नामाच्या आधी विशेषण म्हणून आला, तर तिन्ही शब्द जोडरेघांनी बांधतात: ‘अ हँड-इन-ग्लव्ह रिलेशनशिप’.

पायरी २: चित्र डोळ्यांसमोर आणा

मापाने शिवलेला कातडी हातमोजा आठवा. प्रत्येक बोटाला त्याचे वेगळे घर, मधे फट नाही. हात वळला की हातमोजा वळतो, मूठ मिटली की तोही मिटतो. दोन वेगळ्या वस्तू, पण हालचाल एकच. वाक्प्रचाराचा गाभा एवढाच आहे.

सतराव्या शतकातल्या इंग्रजीत याचे रूप ‘हँड अँड ग्लव्ह’ असे होते, म्हणजे ‘हात आणि हातमोजा’. तेव्हा त्याचा भर जवळीक दाखवण्यावर असे: दोघांची घसट मोठी, एकमेकांशिवाय पान हलत नाही. पुढे ‘अँड’ मागे पडून ‘इन’ रूढ झाला. जुने रूप काही शब्दकोशांत अजून नोंदलेले दिसते, पण आज लिहिताना ते वापरू नका. वाचणाऱ्याला चूकच वाटेल.

लक्षात ठेवण्यासाठी मी एक गोष्ट मनाशी जोडून घेतली आहे. ती व्युत्पत्ती नव्हे, फक्त माझी खूण. हातमोजा घातला की बाहेरून हात दिसत नाही. काम हात करतो, दिसतो हातमोजा. पुढच्या पायरीवर ही खूण उपयोगी पडेल.

पायरी ३: छटा ओळखा

नवखा लिहिणारा अडखळतो तो इथेच. म्हणून या पायरीवर घाई नको.

केंब्रिजच्या शब्दकोशात या वाक्प्रचाराच्या अर्थातच असे सांगितले आहे की हे एकत्र काम पुष्कळदा काहीतरी अप्रामाणिक करण्यासाठी असते. अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टरमध्ये मात्र केवळ अत्यंत जवळचे संबंध किंवा एकमत एवढाच अर्थ मिळतो. दोन्ही कोश बरोबरच आहेत, कारण इंग्रजीत दोन्ही वापर आहेत. अडचण अशी की तुमचे वाक्य वाचणारा माणूस कोणता अर्थ घेईल, हे तुमच्या हातात पूर्णपणे नसते.

‘काम चांगले की वाईट’ ही साधी कसोटी मी काही दिवस वापरून पाहिली. ती पुरत नाही. लेखापरीक्षणात वाईट काहीच नाही, तरी माझे वाक्य आरोप ठरले. खरी कसोटी वेगळी आहे. या दोन पक्षांनी एकमेकांपासून अंतर राखावे अशी अपेक्षा आहे का, हे विचारा.

पोलीस आणि चोर यांच्यात अंतर हवे. परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्यात हवे. पंच आणि खेळणारा संघ, न्यायाधीश आणि पक्षकार, नियम लावणारी यंत्रणा आणि जिच्यावर नियम लावायचे ती कंपनी, हिशेब लिहिणारा आणि हिशेब तपासणारा, या सगळ्या जोड्यांत अंतर असणे हेच त्यांच्या कामाचे मर्म आहे. अशा जोडीविषयी ‘हँड इन ग्लव्ह’ म्हटले की ते अंतर बुजले असे तुम्ही सांगत असता. मग वाक्यात ‘भ्रष्ट’, ‘छुपे’, ‘बेकायदा’ यांतला एकही शब्द नसला तरी आरोप पूर्ण होतो. उदाहरणार्थ, ‘द इन्स्पेक्टर्स वर हँड इन ग्लव्ह विथ द बिल्डर्स’ हे वाक्य पाहा. निरीक्षक बांधकाम करणाऱ्यांना आतून सामील होते, याशिवाय त्याचा दुसरा अर्थ कुणी घेणार नाही.

उलट, शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ, लेखक आणि संपादक, वास्तुरचनाकार आणि संरचना अभियंता या जोड्यांनी जवळून काम करणे अपेक्षितच असते. तिथे हाच वाक्प्रचार कौतुकाचा किंवा निदान निव्वळ वर्णनाचा होतो. ‘द सर्जन अँड द अनेस्थेटिस्ट वर्क हँड इन ग्लव्ह’ हे वाचून कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत.

शास्त्रातही या प्रतिमेचा निखळ वापर आढळतो. एन्झाइम (शरीरातल्या रासायनिक क्रियांना वेग देणारे प्रथिन) आणि त्याला जोडला जाणारा रेणू यांच्या जुळणीला रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली. १९५८ मध्ये डॅनियल कोशलँड यांनी वेगळी कल्पना मांडली: रेणू जवळ आला की एन्झाइमचा आकारही थोडा बदलतो. ही कल्पना समजावताना हात आणि हातमोज्याची उपमा देतात, कारण रिकामा हातमोजा लुळा पडलेला असतो आणि हात आत गेला की त्याला आकार येतो. अशा मजकुरात संगनमत शोधण्याचे कारण नाही.

मधल्या जोड्याही असतात. पत्रकार आणि सरकारी प्रवक्ता, संशोधक आणि त्याला पैसे पुरवणारी कंपनी. यांनी एकमेकांशी बोलले तर पाहिजे, पण फार जवळ आले तर लोकांना शंका येते. अशा जोडीसाठी हा वाक्प्रचार वापरण्याआधी दुसरा प्रश्न विचारा: हे सहकार्य उघड आहे का? दोघांनी जाहीर करार केला असेल आणि सगळ्यांना माहीत असेल, तर दुसरे शब्द वापरा. झाकलेले असेल आणि तसे सांगण्याइतका पुरावा तुमच्या हाती असेल, तरच हे शब्द.

पायरी ४: वाक्यात बसवा

याच्यासोबत मुख्यतः दोन क्रियापदे येतात: ‘बी’ आणि ‘वर्क’. ‘दे आर हँड इन ग्लव्ह’ म्हणजे ते एक आहेत; ‘दे वर्क हँड इन ग्लव्ह’ म्हणजे ते मिळून काम करतात. पहिल्या रूपात आरोपाचा वास जास्त येतो, दुसऱ्यात कमी. नेमाने असेच घडते असे नाही, पण वाचत राहिलात तर हा फरक कानाला जाणवू लागेल.

दुसरा पक्ष सांगायचा असेल तर ‘विथ’ लागते. ‘टू’ नाही, ‘ऑफ’ नाही. मराठीतल्या ‘-शी’ची सवय इथे कामाला येते: तस्करांशी, ‘विथ द स्मगलर्स’. दोन्ही पक्ष कर्त्यातच आले तर ‘विथ’ गाळायचे.

काळ बदलतो तो क्रियापदाचा. ‘वॉज’, ‘हॅड बीन’, ‘मस्ट हॅव बीन’, काहीही येऊ द्या. हात आणि हातमोजा जागचे हलत नाहीत. आधी ‘व्हेरी’ लावू नका, ‘मोअर’ही लावू नका. हातमोजा मापाचा असतो किंवा नसतो, अधिक मापाचा असे काही नसते. ‘क्लोजली’ही नको, जवळीक आधीच आत आहे.

कर्ता शक्यतो माणूस किंवा माणसांची संस्था असावी. ‘गरिबी आणि आजार’ यांसारख्या गोष्टींसाठी इंग्रजीत दुसरा वाक्प्रचार आहे, तो पुढच्याच पायरीवर येतो.

पायरी ५: जवळच्या नावांत घोटाळा करू नका

सर्वांत जास्त गफलत होते ती ‘हँड इन हँड’शी. अक्षरशः घेतले तर दोन माणसे हातात हात घालून चाललेली. लाक्षणिक अर्थाने दोन गोष्टी सोबत येतात, एकीमागून दुसरी येतेच. त्याचे नेहमीचे क्रियापद ‘गो’: ‘राइट्स अँड ड्यूटीज गो हँड इन हँड’, हक्क आणि कर्तव्ये जोडीने येतात. यात कुणावर संशय नाही. माझ्या त्या अहवालात मी ‘हँड इन हँड’ लिहिले असते तर वाक्य थोडे भाबडे झाले असते, घातक नाही.

‘फिट लाइक अ ग्लव्ह’ हा मापाचा वाक्प्रचार आहे. कपडा, बूट, यंत्राचा भाग अगदी मापात बसला की म्हणतात. सहकार्याशी त्याचा संबंध नाही.

‘इन कहूट्स’ म्हणजे संगनमत. हा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुजलेला, बोलण्यातला शब्द आहे; कार्यालयीन पत्रात शोभत नाही. ‘हँड इन ग्लव्ह’ला निदान एक चांगली बाजू आहे, याला ती जवळजवळ नाही.

‘इन टँडम’ मला फार उपयोगी वाटतो. लॅटिनमध्ये ‘टँडम’ म्हणजे ‘अखेरीस’, इंग्रजीत ‘अॅट लेंग्थ’; आणि ‘लेंग्थ’ म्हणजे लांबीही. इंग्रजांनी त्यावर श्लेष करून एकामागे एक घोडे जुंपलेल्या गाडीला ते नाव दिले, पुढे दोघांनी चालवायच्या सायकललाही तेच नाव पडले. आज ‘इन टँडम’ म्हणजे ताळमेळ राखून, जोडीने. त्याला कसलाही डाग नाही.

हातमोजे इतर वाक्प्रचारांतही भेटतात आणि तिथे अर्थ पार वेगळा असतो. ‘द ग्लव्ह्ज आर ऑफ’ म्हणजे आता मुलाहिजा नाही, लढाई सुरू. ‘किड ग्लव्ह्ज’ घालून वागणे म्हणजे कुणाला फार जपून हाताळणे. इथे ‘किड’ म्हणजे मूल नव्हे, करडू. करडाच्या मऊ कातड्याचे ते हातमोजे. आणि ‘मखमली हातमोज्यातला पोलादी हात’ ही प्रतिमा एकाच माणसाची आहे, वरून मऊ आणि आतून कठोर. दोघांच्या सहकार्याशी तिची गल्लत करू नका.

पायरी ६: मराठीत आणताना

मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच पायरी, कारण मराठी इथे तुम्हाला निर्णय घ्यायला लावते. इंग्रजी वाक्प्रचार दोन्ही छटा एका पोटात ठेवतो. मराठीत त्या दोन्ही छटांना पुरेल असा एक शब्द मला आजवर सापडलेला नाही. ‘हातमोज्यात हात’ असे शब्दशः भाषांतर केले तर मराठी वाचकाला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून भाषांतर करणाऱ्याने आधी ठरवायचे, हे कौतुक आहे की आरोप.

आरोप असेल तर मराठीकडे शब्दांची श्रीमंती आहे, आणि प्रत्येकाचे काम निराळे. ‘संगनमत’ हा तक्रारीत, आरोपपत्रात, बातमीत येणारा वजनदार शब्द. त्यात आधी ठरवून केलेला बेत आहे. ‘साटेलोटे’मध्ये देवघेव आहे, तू माझे काम कर, मी तुझे करतो. फायदा एकाच बाजूचा असेल तर साटेलोटे म्हणणे चुकीचे. ‘लागेबांधे’मध्ये अजून कृती नाही, फक्त जुने धागेदोरे आहेत, पुरावा अर्धवट असेल तेव्हा हा शब्द जपून वापरता येतो. ‘हातमिळवणी’ हा जवळ येण्याचा क्षण सांगतो, नंतरचे रोजचे काम नाही. आणि साधे ‘सामील असणे’ विसरू नका. ‘निरीक्षकच आतून सामील होते’ या चार शब्दांत जेवढे मावते तेवढे लांबलचक वाक्यांतही मावत नाही. बोलण्याच्या ओघात मी बहुतेक वेळा हेच निवडते. ‘एकाच माळेचे मणी’ मात्र इथे चालणार नाही, कारण त्यात सगळे सारखे आहेत एवढेच कळते, मिळून काही केले असे नाही.

‘हातमिळवणी’बद्दल आणखी एक. इंग्रजीतल्या ‘जॉइन हँड्स’ला चांगला वास आहे, लोक चांगल्या कामासाठी हात मिळवतात. मराठीत हातमिळवणी शत्रूशी होते, विरोधकांशी होते. शब्दाला थोडी धार आहे. शब्दांत हात दोन्हीकडे आहेत म्हणून अर्थ सारखा धरू नका.

कौतुक असेल तर ‘खांद्याला खांदा लावून’, ‘हातात हात घालून’, ‘एकदिलाने’, ‘एकजुटीने’ यांतून निवडा. पहिल्यात कष्ट आहेत, दुसऱ्यात आपुलकी, तिसऱ्यात मनाचे ऐक्य. यंत्रणांविषयी कोरडे वाक्य असेल तर ‘पूर्ण समन्वयाने’ पुरे. भूलतज्ज्ञाच्या वाक्यासाठी मी असे लिहीन: ‘शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ एकमेकांचा अंदाज घेत एकदिलाने काम करतात.’ यात हात नाहीत आणि हातमोजेही नाहीत, तरी चित्रातला मेळ शाबूत आहे.

उलट दिशेने जाताना, म्हणजे मराठीतून इंग्रजीत, ‘संगनमत’ला डोळे मिटून ‘हँड इन ग्लव्ह’ लावू नका. कायद्याच्या कागदात वाक्प्रचाराला जागा नसते. तिथे ‘कलूजन’ हा शब्द हवा. त्याच्या शेजारचा ‘कनाइव्हन्स’ वेगळा: त्यात माणूस स्वतः काही करत नाही, दिसत असून कानाडोळा करतो. बेतात भाग घेणारा आणि कानाडोळा करणारा यांची जबाबदारी सारखी नसते, म्हणून हा फरक पुसू नका.

पायरी ७: लिहायचे की टाळायचे

बातमी लिहीत असाल तर हा वाक्प्रचार जिवंत माणसाबद्दल स्वतःच्या शब्दांत वापरू नका, जोवर गोष्ट सिद्ध झालेली नाही. कुणी आरोप केला ते सांगा आणि वाक्य त्याच्या तोंडी ठेवा. भाषांतरातही ‘संगनमत असल्याचा आरोप’ यातला ‘आरोप’ गाळला जाऊ नये. मजकूर कापताना पहिल्यांदा हाच शब्द कापला जातो, मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

नोकरीचा अर्ज, आभारपत्र, अहवाल यांत मी तो कटाक्षाने टाळते. ‘वर्क्ड क्लोजली विथ’ दिसायला साधे आहे, पण ते कधीच उलटत नाही. जाहीर भागीदारी असेल तर ‘इन पार्टनरशिप विथ’. लेखापरीक्षकांबद्दल लिहायचे असेल तर ‘त्यांनी मागितलेली सर्व कागदपत्रे आम्ही वेळेवर दिली’ असे, म्हणजे सहकार्य कसे होते तेच लिहा. आमच्या मॅडमनी माझे वाक्य खोडून नेमके असेच काहीसे लिहिले होते.

कथा, ललित लेख, मत मांडणारा मजकूर, मित्रांशी गप्पा, तिथे खुशाल वापरा. तिथे त्याची धार हवीच असते.

पायरी ८: स्वतः करून पाहा

पुढच्या वाक्यांत ‘हँड इन ग्लव्ह’ बसेल का, आणि बसला तर कोणत्या छटेने, ते ठरवा. उत्तर वाचण्याआधी क्षणभर थांबा.

‘तुरुंगाचे पहारेकरी कैद्यांना फोन पुरवणाऱ्या टोळीला सामील होते.’ बसतो, पूर्ण आरोपाच्या छटेने. क्रियापद ‘बी’.

‘वाढते वय आणि विसरभोळेपणा जोडीने येतात.’ बसत नाही. इथे माणसे नाहीत, ‘गो हँड इन हँड’ घ्या.

‘नवा कोट तुला अगदी मापात बसलाय.’ हातमोजा आहे, पण ‘फिट्स लाइक अ ग्लव्ह’ हा.

‘अनुवादक आणि मूळ लेखिका यांनी दोन वर्षे ओळीओळीवर एकत्र काम केले.’ बसतो, कौतुकाने. क्रियापद ‘वर्क’. वाचकाविषयी जराही शंका असेल तर ‘साइड बाय साइड’ लिहा.

‘अन्नपदार्थांची तपासणी करणारी प्रयोगशाळा आणि ते पदार्थ बनवणारी कंपनी यांच्यात उत्तम सहकार्य आहे.’ हे वाक्य कंपनीच्या पत्रकात आले आहे आणि ते तुम्हाला इंग्रजीत करायचे आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला, पण जोडी अंतर राखण्याची. इथे वाक्प्रचार टाळाच. पत्रक देणाऱ्याला फोन करून विचारा की सहकार्य म्हणजे नेमके काय केले. नमुने वेळेवर दिले, कारखाना पाहू दिला, की आणखी काही? जे उत्तर येईल तेच इंग्रजीत लिहा.